डाएट डबा लावताय? पैसे भरायच्या आधी हा हिशोब करून बघा

दिवाळी संपली की आणि मग परत जानेवारीत, दरवर्षी हेच होतं. इन्स्टावर 'महिन्यात ५ किलो कमी' वाल्या डब्यांच्या जाहिराती सुरू होतात, आणि मी अकाउंट्सचं काम करते म्हणून ओळखीतले लोक मला प्लॅनचे स्क्रीनशॉट पाठवून विचारतात, अगं हे घेऊ का, परवडेल का. एकेकाला वेगळं सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढते. मी डाएटीशियन नाहीये, त्यामुळे काय खावं ते मी सांगणार नाही, पण पैसे कुठे जातात, त्याच्या बदल्यात काय मिळतं आणि कुठे फसायला होतं ते सांगू शकते.

माझं मत आधीच सांगून टाकते. डाएट डबा वाईट नाहीये, काही लोकांना त्याचा खरंच उपयोग होतो. पण तो कायमचा लावायची गोष्ट नाही. दोन-तीन महिन्यांत आपलं ताट किती असायला हवं हे त्यातून शिकून घ्यायचं आणि बाहेर पडायचं. तेवढं शिकून निघालात तर पैसे वसूल, नाहीतर नुसतं महागडं जेवण झालं.

आधी प्रकार समजून घ्या

पुण्या-मुंबईत साधारण दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे रोजचा ताजा डबा, सकाळी किंवा दुपारी येतो, कधी दोन्ही वेळचं एकदमच देऊन जातात. दुसरा म्हणजे सीलबंद ट्रे, आठवड्याचे चार-सहा एकदम येतात, फ्रीजमध्ये नाहीतर फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि लागेल तसे मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचे. अमेरिकेत 'न्यूट्रीसिस्टम'सारख्या कंपन्या कित्येक वर्षं वजन कमी करायचं तयार जेवण विकतायत, आपल्याकडे मात्र मेस आणि डब्याची सवय जुनी असल्यामुळे ताजा डबाच जास्त चालतो. जेवणाऐवजी शेक आणि पावडर विकणारे आहेत ते वेगळे, त्यांच्याबद्दल मी इथे बोलत नाहीये.

पायरी १ : आधी तुम्हाला गरज आहे का ते बघा

हे पटकन होतं. भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की स्थूलता धरतात. म्हणजे उंची १६० सेंटीमीटर असेल तर ६४ किलोला बीएमआय २५ होतो. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या वर असेल तर वजन फार नसलं तरी लक्ष द्यायला हवं, कारण आपल्याकडे चरबी पोटावर जास्त जमते.

आणि प्लीज, डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, बीपीची औषधं असतील, किडनीचा त्रास असेल, तुम्ही गरोदर असाल किंवा बाळाला दूध पाजत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही डबा लावू नका. खाणं एकदम कमी झालं आणि शुगरची औषधं तेवढीच राहिली तर शुगर धाडकन खाली येऊ शकते, चक्कर येऊन माणूस पडतो, हे हलक्यात घेण्यासारखं नाहीये. आता मौन्जारो, वेगोव्हीसारखी वजन कमी करायची इंजेक्शनं घेणारे पण बरेच झालेत, त्यांची भूकच कमी झालेली असते, त्यांनी दोन वेळच्या फुल प्लॅनचे पैसे भरायच्या आधी आपल्याकडून एका वेळी किती जातंय ते बघावं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, म्हणजे एनआयएनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आठवड्याला अर्धा किलो हा वजन कमी व्हायचा सुरक्षित वेग सांगितलाय, आणि वजन कमी करायचं असलं तरी दिवसाचा आहार १००० कॅलरीच्या खाली नेऊ नये असंही. त्यामुळे कुणी महिन्यात ८ किलोची गॅरंटी देत असेल किंवा दिवसभराचं मिळून ८०० कॅलरीचं पॅकेज विकत असेल तर पुढचं काही वाचूच नका, तिथूनच मागे फिरा. ८०० कॅलरीचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचा असतो.

पायरी २ : खरा भाव काढा

इथेच सगळ्यात जास्त गडबड होते म्हणून सविस्तर लिहिते.

जाहिरातीत लिहिलेलं असतं 'फक्त २५० रुपयांपासून'. हा 'पासून' शब्द महत्त्वाचा, कारण तो भाव बऱ्याचदा तीन महिन्यांच्या प्लॅनचा असतो, तोही व्हेज आणि पोळीवाला, आणि हाय प्रोटीन किंवा चिकन म्हटलं की वेगळा. पण आपण धरून चालू की तुम्हाला २५० नेच मिळाला. दुपार-रात्र दोन डबे, आठवड्याचे सहा दिवस, चार आठवडे, म्हणजे २४ दिवसांची ४८ जेवणं, झाले १२,००० रुपये.

आता त्यावर डिलिव्हरी. काही जण फुकट देतात, काही एका फेरीचे ३०-४० लावतात. ४० धरले आणि दोन्ही डबे एकाच फेरीत आले तरी ९६० रुपये. वर ५ टक्के जीएसटी, तो भावात धरलेला आहे की वेगळा ते विचारायचं, वेगळा असेल तर १२,००० वर ६०० रुपये. एकूण झाले १३,५६०.

पण तुम्ही ४८ च्या ४८ डबे खाणार नाही. ऑफिसमध्ये कुणाचा तरी वाढदिवस निघतो, घरी पाहुणे येतात, एखाद्या दिवशी बाहेर जाणं होतं आणि आदल्या रात्री पॉज करायचं राहून जातं. महिन्याला पाच डबे वाया गेले तर ४३ जेवणांना १३,५६० म्हणजे एक जेवण साधारण ३१५ रुपयांना पडलं. २५० चा डबा ३१५ ला. ही कुणी केलेली फसवणूक नाहीये, फक्त जाहिरातीत हा आकडा कधी नसतो.

आणि अजून संपलं नाही. नाश्ता, चहाचं दूध, फळं, ताक, रविवारची दोन्ही जेवणं, महिन्याचे उरलेले दोन दिवस, हे सगळं घरूनच होतं. त्याचे अजून तीन-चार हजार धरा. म्हणजे 'महिन्याचं जेवण १२ हजारात' असं जे डोक्यात असतं ते एका माणसाचं सतरा हजारांच्या आसपास जातं.

हे सगळं कागदावर लिहा किंवा एक्सेलमध्ये टाका. तोंडी हिशोबात डिलिव्हरी आणि वाया गेलेले डबे नेहमी सुटतात.

पायरी ३ : हा डबा तुमच्याकडे नेमकी कशाची जागा घेणार

एकच डबा, एकच भाव, पण दोन घरांत तो वेगवेगळ्या किमतीला पडतो. हा मुद्दा कुणी सांगत नाही आणि माझ्या मते निर्णय यावरच घ्यायचा.

एक मुलगा धरा, हिंजवडीत नोकरी, तीन जणांचा फ्लॅट, घरात गॅस आहे पण पेटत नाही, दुपार-रात्र दोन्ही वेळचं अ‍ॅपवरून मागवतो, सरासरी एका वेळचे २२०. त्याचे ४८ जेवणांचे १०,५६० तसेही जातायत. त्याला डाएट डबा लावल्यावर वरचे लागणार फक्त ३,०००. तेवढ्यात बिर्याणी आणि पनीर बटर मसाला जाऊन मोजलेलं जेवण येत असेल तर मी म्हणेन जरूर लाव.

आता दुसरं घर, ठाण्यातलं, चौघं माणसं, स्वयंपाकाला मावशी येतात, त्यांचा पगार तर तोच राहणार कारण बाकीच्या तिघांचा स्वयंपाक होणारच आहे. घरातल्या ताईने डबा लावला तर घरचं वाचणार काय, तर तिच्या वाटचं धान्य-भाजी-तेल, एका वेळचे ७० धरले तर ४८ जेवणांचे ३,३६०. म्हणजे तिला तोच डबा महिन्याला १०,२०० रुपये जास्तीचे घालून पडतो. १२ आठवडे चालवला तर ३०,६००, आणि अर्धा किलो आठवड्याला या वेगाने अगदी सगळं नीट झालं तरी ६ किलो. एक किलो ५,१०० रुपयांना. त्या ताईला मी सांगेन की आधी त्याच्या निम्म्या पैशात एखाद्या चांगल्या डाएटीशियनकडे जा, मावशींना भाजीत तेल किती घालायचं ते चमच्याने दाखव, आणि मग गरज वाटली तर फक्त दुपारचा डबा लाव.

तरीही दुसऱ्या घरातल्या ताईने लावूच नये असं मी म्हणणार नाही. बऱ्याच बायका सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं संपवतात, पातेल्यात राहिलेला भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, आणि त्याचा हिशोब कुठेच नसतो. स्वतःच्या नावाचा एक डबा येतो आणि तो आधी बसून खायचा हे ठरतं, याची किंमत माझ्या लेखी खूप आहे. फक्त ती दहा हजार जास्तीची आहे हे माहीत असून घ्यावी.

याचा उपयोग होतो याला पुरावा आहे का

आहे, आणि तो बघण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या 'जेनी क्रेग' या तयार जेवण विकणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅमवर झालेला एक मोठा अभ्यास २०१० मध्ये 'जामा' या वैद्यकीय जर्नलमध्ये आला होता. ४४२ जाड बायका, दोन वर्षं. सेंटरवर जाऊन सल्ला आणि तयार जेवण घेणाऱ्यांचं वजन दोन वर्षांनी सरासरी ७.४ किलो कमी होतं, फोनवरून सल्ला घेणाऱ्यांचं ६.२ किलो, आणि नेहमीसारखा साधा सल्ला मिळालेल्यांचं २ किलो. म्हणजे फरक चांगलाच आहे.

पण तीन गोष्टी बघा. एक, त्या बायकांना जेवण आणि सल्ला सगळं फुकट होतं. दोन, नुसतं जेवण नव्हतं, त्यांच्याशी नियमित बोलणारं माणूस होतं. तीन, ठरवलेलं वजन जवळ आलं की त्यांना हळूहळू तयार जेवणावरून स्वतःच्या जेवणावर आणलं गेलं. शिवाय अभ्यासाचा खर्च कंपनीनेच दिला होता हेही लक्षात ठेवायला हवं. आपल्याकडे बहुतेक प्लॅनमध्ये यातला फक्त डबा मिळतो, आणि तो पैसे देऊन. म्हणून प्लॅनबरोबर डाएटीशियनचा कॉल आहे का, आठवड्याला आहे का महिन्याला, आणि बोलणारी व्यक्ती खरंच शिकलेली आहे का सेल्सवाली, हे विचारणं डब्यात काय भाजी आहे यापेक्षा जास्त गरजेचं आहे. इंडियन डायटेटिक असोसिएशनचं रजिस्ट्रेशन आहे का म्हणून सरळ विचारा, खरं असेल तर लगेच सांगतात.

पायरी ४ : ट्रायल घ्या, आणि काटा घ्या

तीन दिवसांची किंवा आठवड्याची ट्रायल मिळते, ती घ्याच. पण 'ट्रायल मील' म्हणून वेगळं ठरवलेलं असतं ते घेऊ नका, नेहमीच्या मेन्यूतलं मधल्याच कुठल्यातरी दिवसाचं मागा, बुधवार-गुरुवारचं. पहिल्या दिवशीचा डबा सगळेच छान पाठवतात.

आणि ट्रायलच्या आधी किचनचा डिजिटल काटा आणा, पाचेकशे रुपयांपर्यंत मिळतो. डबा आला की लगेच जेवायला बसू नका, दहा मिनिटं द्या. प्रत्येक गोष्ट वेगळी काढून वजन करा. माझ्या मावसबहिणीचा एक डबा आम्ही दोघींनी असाच ओट्यावर उलगडून बसून मोजला होता. स्टिकरवर लिहिलं होतं ४०० कॅलरी. दोन पोळ्या, एक वाटी वरण, फ्लॉवर-मटार आणि काकडीचे चार काप. पोळ्या पातळ होत्या, साधारण ३० ग्रॅम पिठाच्या, म्हणजे दोन्हीच्या मिळून २०० कॅलरी. वरण ३० ग्रॅम डाळीचं धरलं तर १०० च्या आसपास. भाजी ३०-४० कॅलरीची. इथपर्यंत सगळं ठीक. मग भाजीचा डबा तिरका धरून ठेवला तर कोपऱ्यात तेल जमायला लागलं, ते चमच्याने काढलं तर पोह्याचा मोठा चमचा जवळजवळ भरला. चहाच्या एका चमच्यात ५ ग्रॅम तेल मावतं, त्याच्या ४५ कॅलरी होतात, मोठा चमचा भरला की १२० च्या आसपास. आणि हे फक्त वर सुटलेलं तेल, फोडींना लागलेलं वेगळंच. ४०० चा डबा पाचशेकडे कसा जातो ते तिथे डोळ्यांनी दिसलं. दिवसाला दोन डबे असे आले तर ज्या कॅलरी कमी करण्यासाठी पैसे भरलेत त्यातल्या बऱ्याचशा तेलातून परत आल्या.

दर डब्यामागे हे करायचं नाहीये, ट्रायलमध्ये तीन वेळा केलं तरी बास. तिन्ही वेळा वजनं साधारण सारखी आली तर किचन मोजून काम करतंय. एकदा पोळी २५ ग्रॅमची आणि एकदा ४५ ची निघाली तर स्टिकरवरचा आकडा कुणीतरी बसून लिहिलेला आहे एवढंच समजायचं.

प्रोटीनचं पण बघा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या हिशोबाने निरोगी मोठ्या माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम, आणि वजन कमी करताना स्नायू टिकवायचे असतात म्हणून डाएटीशियन बहुतेक थोडं जास्तच सांगतात. 'हाय प्रोटीन' डब्यात पनीरचे तुकडे दिसले की आपण खूश होतो, पण ते काढून काट्यावर ठेवा, ५० ग्रॅम भरले तर त्यात ९ ग्रॅम प्रोटीन असतं. एका अंड्यात ६. सुक्या मुगाच्या डाळीत १०० ग्रॅमला २४ च्या आसपास, पण वाटीभर वरणात डाळ ३० ग्रॅमच असते, म्हणजे ७. एवढं पाठ झालं की डब्याकडे बघूनच अंदाज यायला लागतो, आणि नावातल्या 'हाय'साठी ८० रुपये जास्त द्यायचे का ते तुमचं तुम्ही ठरवाल.

सीलबंद ट्रे घेत असाल तर मागचं लेबल वाचा, त्यात एक खाच आहे. आकडे १०० ग्रॅमचे असतात आणि ट्रे असतो ३५० ग्रॅमचा. ११० कॅलरी वाचून बरं वाटतं, खाणार मात्र ३८५. मिठाचं तर जास्तच बघायला हवं, १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल तर एका ट्रेमध्ये १,२२५ झालं, आणि आपल्या लेबलांवर दिवसभराची मर्यादा २,००० मिलिग्रॅम धरलेली असते. बीपी असलेल्या माणसाने असे दोन ट्रे रोज खाऊ नयेत.

पायरी ५ : हे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवरच विचारा

फोनवर गोड बोलतात आणि नंतर 'असं कुणी सांगितलं तुम्हाला' होतं. म्हणून सगळं लेखी.

एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी परवान्याचा नंबर मागा. १४ आकडी असतो, लायसन्स असेल तर १ ने आणि छोटं रजिस्ट्रेशन असेल तर २ ने सुरू होतो, त्यांच्याच फॉसकॉस नावाच्या साइटवर टाकला की कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की संपलाय ते कळतं. घरून डबे करणाऱ्या काकूंनाही रजिस्ट्रेशन लागतंच, ते काही अवघड नाहीये, त्यामुळे 'आमचं घरगुती आहे' हे उत्तर चालवून घेऊ नका.

पॉज कसा करायचा, आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत सांगायचं, महिन्यात किती वेळा, आणि पॉज केलेले डबे किती दिवसांत संपवायचे. २४ दिवसांचा प्लॅन ३० दिवसांत संपवायचा आणि उरला तर बुडाला, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. आपल्याकडे गणपतीत, नवरात्रात, लग्नसराईत आठवडाभर सलग डबा बंद ठेवावा लागतो, तेव्हा ही अट महागात पडते.

उपवासाला काय देता? हा प्रश्न ऐकायला साधा वाटतो पण यावरून किचन कळतं. चतुर्थी-एकादशीला साबुदाण्याची खिचडी 'डाएट फराळ' म्हणून आली तर तो जवळजवळ नुसता स्टार्च, वर दाण्याचं कूट आणि तूप. ज्यांनी विचार केलाय ते वरई, राजगिरा, दही, फळं असं काहीतरी देतात नाहीतर त्या दिवसाचा डबा पुढे ढकलतात. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांनी तेही आधीच विचारून घ्यावं.

मग रिफंड. यातली मेख आकड्यात सांगते. तीन महिन्यांचा प्लॅन, १४४ डबे, २१० ने, ३०,२४० भरले. ५० डबे खाऊन तुम्हाला बंद करायचंय. २१० च्या भावाने तुमचे १०,५०० झाले, परत यायला हवेत १९,७४०. पण अटींमध्ये लिहिलेलं असतं की मध्येच सोडल्यास खाल्लेले डबे सुट्या भावाने धरले जातील, तो भाव २८०, म्हणजे १४,०००, आणि परत येतात १६,२४०. ३,५०० रुपये एका ओळीत गेले. आमच्या ऑफिसमधल्या एका मुलीला तर एका ठिकाणी पैसे परत देण्याऐवजी वॉलेटमध्ये टाकून दिले, तिची बदली झालेली, त्या शहरात त्यांची सर्व्हिसच नाही. म्हणून 'रिफंड खात्यात देता की वॉलेटमध्ये' हे शब्द तसेच्या तसे विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

पायरी ६ : पैसे महिन्याचे भरा, ऑटोपे बघून द्या

तीन किंवा सहा महिन्यांचे एकदम भरले की २०-२५ टक्के सूट दाखवतात. नवीन असाल तर घेऊ नका, पहिला महिना महिन्याचाच घ्या, भाव थोडा जास्त पडला तरी चालेल. दोन आठवड्यांत चव नको होते हे फार लोकांचं होतं, आणि कंपन्या बंदही पडतात. वर ज्या 'जेनी क्रेग'चं सांगितलं, १९८३ मध्ये मेलबर्नला सुरू झालेली, एवढी मोठी आणि इतकी वर्षं चाललेली कंपनी, तिने २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेतला कारभार गुंडाळून दिवाळखोरीचा अर्ज केला. नंतर 'न्यूट्रीसिस्टम'च्या मालकांनी ते नाव विकत घेऊन डिलिव्हरी सुरू केली ते वेगळं. तुमच्या एरियातलं क्लाउड किचन, म्हणजे फक्त डिलिव्हरीसाठी चालणारं किचन, त्याहून कितीतरी लहान असतं.

यूपीआय ऑटोपे किंवा कार्डवरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी मागत असतील तर लक्षात ठेवा, १५,००० पर्यंतची रक्कम दर वेळी ओटीपी न विचारता जाऊ शकते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कापायच्या २४ तास आधी मेसेज यायला हवा, तो वाचा. बंद करायचं असेल तर किचनवाल्याच्या मागे लागत बसायची गरज नाही, तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन स्वतः रद्द करता येतं. घेणं एका क्लिकवर आणि सोडताना मात्र चार फोन, याला सरकारने नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला ऑनलाइन अडकवायच्या युक्त्यांच्या नियमावलीत अयोग्य प्रकारांमध्ये टाकलंय. पैसे अडकलेच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, आणि तेवढ्याने नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही.

पायरी ७ : डबा हातात आल्यावर

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, गरम असेल तर ६० अंशांच्या वर आणि थंड असेल तर ५ च्या खाली, हा जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे. आता विचार करा, दोन्ही वेळचा डबा सकाळी ११ ला आला आणि रात्रीचा डबा ऑफिसच्या टेबलाखाली बॅगेत ८ पर्यंत राहिला, तोही मे महिन्यात. ऑफिसला फ्रीज नसेल तर एकाच फेरीत दोन डबे घेऊच नका, चाळीस रुपये वाचवायला जाऊन पोट बिघडेल. ट्रे गरम करताना खाली त्रिकोणात ५ चा आकडा किंवा मायक्रोवेव्हची खूण आहे का बघा, नसेल तर ताटलीत काढून गरम करा.

भूक लागली तर? लागणारच, पहिला आठवडा तर नक्की. काकडी, टोमॅटो, ताक, एखादं फळ घरात ठेवा आणि ते डब्यासोबतच खा, मधे चिवड्याचा डबा उघडायची वेळ आणू नका. पण रोजच हात थरथरणं, चक्कर, केस गळणं, पाळी चुकणं असं काही सुरू झालं तर डबा थांबवा आणि डॉक्टरांकडे जा, 'बॉडी अ‍ॅडजस्ट होतेय' हे किचनवाल्यांचं उत्तर ऐकू नका.

पायरी ८ : पहिल्या दिवसापासून बाहेर पडायची तयारी

डबा खायच्या आधी ताटात काढून रोज एक फोटो काढा. तुमच्याच घरच्या ताटात, तुमच्याच वाटीत. डब्याच्या कप्प्यात सगळं भरलेलं दिसतं, ताटात काढलं की कळतं भाजी किती जास्त आणि भात किती कमी असायला हवा. महिनाभराचे फोटो झाले की तुमच्याकडे फुकटात एक मेन्यू तयार होतो आणि तो घरच्या भांड्यांच्या मापात असतो.

दुसऱ्या महिन्यात रात्रीचा डबा बंद करा आणि त्या फोटोतलं ताट घरी वाढायला लागा. मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, कोशिंबीर, यात बाहेरून आणण्यासारखं काहीच नाहीये. एकटे राहणाऱ्यांना जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणून फक्त उसळ आणि अंडी घरी केली तरी चालतं, आणि त्याचा भाव डाएट डब्याच्या निम्म्यानेही येत नाही. तिसऱ्या महिन्यात दुपारचा डबा आठवड्यातून तीनच दिवस, शक्यतो ज्या दिवशी ऑफिसला सगळ्यात जास्त धावपळ असते तेच दिवस.

वजन आठवड्यातून एकदाच करा, त्याच वाराला, सकाळी, काही खायच्या आधी, आणि लिहून ठेवा. रोज केलं तर पाण्यामुळे वर-खाली होतं आणि उगाच जीव खालीवर. डबा पूर्ण बंद झाल्यावरही पुढचे तीन-चार महिने हे चालू ठेवा. दोन किलो परत चढले असं दिसलं तर लगेच परत तीन महिन्यांचं पॅकेज घ्यायची गरज नाही, सुट्या भावाने दोन आठवडे फक्त दुपारचे डबे मागवा, जुने फोटो उघडा, आणि काट्यावर परत एकदा पोळी ठेवून बघा, बहुतेक ती ३० ची ४५ झालेली असते.